‘कोण?’ विचारणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. अशा वेळी पुढे ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. पण मनापासून म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमची माझी मैत्री कधी झालीच नव्हती. तुम्ही मला मोबाइलवर पाहिलेत, खो खो हसलात, अंगठा दाखवलात आणि पुढच्या गमतीकडे गेलात. कोणी पलंगावर लोळत पाहिले, कोणी जेवता जेवता, कोणी तर संडासात बसून. तेव्हा ‘मित्रांनो’ हा शब्द मी फक्त रीत म्हणून वापरणार आहे.

हो, तोच मी. उघडताना ‘कोऽऽण?’ असे विचारणारा दरवाजा. आता आठवले असेल. गालातल्या गालात हसून घ्या आणि मग नीट ऐका.

माझा जन्म एका घाईच्या सुताराच्या हातून झाला. जवळच्या कारखान्यात कुठलेसे यंत्र आले होते, त्याच्या लाकडी खोक्याच्या फळ्या जोडून त्याने मला उभे केले. त्या फळ्यांवर ‘ही बाजू वर’ असे ठळक छापलेले होते आणि शेजारी बाण होता. सुताराने मला उलटे बसवले. त्यामुळे जन्मापासून माझा बाण खाली, जमिनीकडे आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्यावर विनोद केले. विनोद एकच होता, पण प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असे वाटत होते.

बिजागऱ्यांचीही तीच तऱ्हा. वरची आणि खालची एका जोडीतल्या होत्या. मधली सापडेना, तेव्हा सुताराने मोडक्या ट्रंकेची काढली आणि तीही उलटी ठोकली. मी पहिल्यांदा उघडलो तेव्हा सुतार दचकला. मग कान खाजवून “चालतंय,” म्हणाला आणि मजुरी घेऊन गेला. उघडताना वरची बिजागरी ‘क’ काढते, मधली तो ‘ओ’ करून ताणते आणि खालची नाकात बोलून ‘ण’ वर आणून टेकवते. माझा आवाज हा असा तिघींच्या भांडणातून तयार झाला आहे.

मला जिथे बसवले ती खोली गल्लीच्या तोंडाशी आहे. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला लॉन्ड्री. खोलीत खुर्च्या विणायचे काम चालते, आणि मागे दोन खोल्यांत बिऱ्हाड आहे. खुर्च्या विणणाऱ्या बाईला गिऱ्हाईक ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताईला जन्मापासून दिसत नाही. तिचा नवरा टेम्पो चालवतो. बसून बसून झोळ आलेल्या खुर्च्या तो लोकांकडून आणतो आणि विणून झाल्या की पोचत्या करतो.

टेम्पोवाल्याला कुरकुर सहन होत नाही. या खोलीत आल्या आल्या तो तेलाची बुधली घेऊन माझ्यासमोर उभा राहिला होता. ताईने त्याला थांबवले.

“राहू दे,” ती म्हणाली. “मला ‘कोण’ म्हणून विचारायचा कंटाळा आलाय. हे विचारतंय, तर विचारू दे.”

यात काय एवढे, असे तुम्हाला वाटेल. तुम्हाला दिसते, म्हणून वाटेल. न दिसणाऱ्या माणसापुढे गेले की डोळस माणसांना एक खेळ हमखास सुचतो. आवाज बदलायचा, नाहीतर मुकाट उभे राहायचे, आणि मग म्हणायचे, ओळख पाहू मी कोण. ताईच्या लहानपणी काका, मावश्या, शेजारपाजारचे, सगळे हा खेळ खेळत. ओळखू येईपर्यंत तिला हातचे काम सोडून, चेहरा वर करून, हसत बसावे लागे. हसली नाही तर पोरगी तिरसट आहे म्हणत. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर बसून समोर कोण उभे आहे याची भीक मागायची, हे तिला अगदी नकोसे झाले होते.

तिच्या वतीने ते विचारायचे काम मी पत्करले. आणि मी नुसता विचारत नसे, उत्तरही देत असे. प्रत्येक जण मला आपापल्या परीने उघडतो. टेम्पोवाला मला अर्धा ढकलतो, पायपुसण्यावर पाय पुसतो आणि मग उरलेला उघडतो, म्हणून त्याचा ‘को’ आणि ‘ण’ यांच्यात एक दम असतो. किल्लीवाला फट करून नुसते डोके आत घालतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त ‘क’ येतो. खुर्ची घेऊन येणारे गिऱ्हाईक मला कमरेने लोटते. लॉन्ड्रीवाली बाई मला असा भसकन उघडते की तिन्ही अक्षरे एकमेकांवर आदळतात.

ताई मान वर करत नसे. वेताच्या ओल्या पट्ट्या भोकातून ओढता ओढता ती नुसते म्हणे, “ये, बस,” किंवा “आज उशीर झाला?” आणि नवे माणूस तोंडात बोट घाले. हिला कसे कळले, असे ते बाहेर जाऊन किल्लीवाल्याला विचारत असे. किल्लीवाला खांदे उडवत असे. मला मात्र तेव्हा फार भारी वाटायचे. खोक्याच्या फळ्यांतून जन्मलो, उलटा बसलो, पण कोणाच्या तरी घरात माझ्या शब्दाला किंमत होती.

मग भाचेबुवा आले.

टेम्पोवाल्याच्या बहिणीचा हा मुलगा. पोरगेलासा वाटला तरी चांगला लग्न झालेला, बापई माणूस. आधी मोबाइलची कव्हरे विकायचा, मग व्हिडिओ बनवायला लागला. माणसाच्या तोंडासारखा दिसणारा बटाटा, चपला पळवणारे मांजर, शिंकणारी बकरी, असे कायबाय टाकत असे आणि कोणी बघत नसे. ताईला तो मामी म्हणतो. लहानपणापासून तो तिच्याशी ‘ओळख पाहू’ खेळत आला होता, आणि एवढा बाप्या झाला तरी त्याची खोड गेली नव्हती. फक्त या खोलीत त्याची डाळ शिजत नव्हती. तो तोंड उघडायच्या आत मी बोललेला असे आणि ताई म्हणे, “या भाचेबुवा.” कारण भाचेबुवांच्या दोन्ही हातांत सदा मोबाइल. ते मला कोपराने ढकलतात. कोपराने उघडलेल्या दाराचा ‘ओ’ कसा भेलकांडत जातो, ते ताईला पक्के ठाऊक होते.

दारच ‘कोण’ विचारते, ही मेख त्याच्या लक्षात आली तेव्हा तो आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. ताई मागे वेत भिजत घालत होती. त्याने मोबाइल किल्लीवाल्याच्या स्टुलावर टेकवला आणि मला उघडले. मी नेहमीचे विचारले. तो म्हणाला, मी. पुन्हा उघडले, मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, अरे मीच. तिसऱ्यांदा उघडून तो म्हणाला, “तुझा बाप.”

या दोन शब्दांवर तुम्ही लोक अक्षरशः लोळलात. शिंकणाऱ्या बकरीला जे जमले नाही ते माझ्यापायी जमले. भाचेबुवा रातोरात मोठे झाले. कोणी माझा आवाज बँडच्या तालावर बसवला, कोणी तो मांजराच्या तोंडी घातला, कोणी सकाळच्या गजराला लावला. एका विद्वानाने मी झपाटलेला आहे हे तावातावाने समजावून सांगितले. त्याहून मोठ्या विद्वानाने मी ‘कोण’ म्हणत नसून ‘लोन’ म्हणतो असे सिद्ध केले. दोघांची शिवीगाळ झाली. मी बापडा गल्लीत उभा होतो.

आणि मग तुम्ही यायला लागलात. व्हिडिओत किल्लीवाल्याची पाटी दिसत होती, तेवढे पुरेसे होते. घोळके करून आलात. मला ओढायचे, ढकलायचे, मी विचारले की “तुझा बाप” म्हणून ओरडायचे, खिदळायचे आणि पुढच्याला वाट द्यायची. आत कोणीच जायचे नाही. आत एक बाई काम करते आहे, हे दिसत असूनही कोणाला दिसले नाही.

वेत ओला असतो तोवरच वळतो. मध्ये हात थांबला की तो वाळतो आणि ओढताना कडकन तुटतो. माझा आवाज आला की ताईचा हात सवयीने थबके, ती कान देई, आणि कोणीच नसे. पुन्हा आवाज, पुन्हा कोणी नाही. खोट्या हाकांनी मी तिला पार भंडावून सोडले. तुटलेल्या पट्ट्यांचा ढीग तिच्या पायाशी साठत गेला. एकदा टेम्पोवाला गर्दीतून वाट काढून खरोखरच आत आला, आणि तिला पत्ताच लागला नाही. त्याने खांद्याला हात लावला तशी ती केवढ्याने दचकली.

त्यानंतर ती स्वतः उंबऱ्यात आली. “दार खेळायला नाहीये,” ती म्हणाली. “इथं काम चाललंय.” एवढेच बोलली आणि आत गेली.

तुम्ही तेवढ्याचाही व्हिडिओ केलात. त्याच्या मागे रडवी बासरी लावलीत. आता हसणे संपले आणि दया सुरू झाली. खरे सांगतो, तुमचे हसणे परवडले. किल्लीवाला सज्जन माणूस आहे, पण मोबाइल हातात आला की त्याच्याने राहवत नाही. लोकांनी काय काय लिहिले आहे ते तो टेम्पोवाल्याला मोठ्याने वाचून दाखवू लागला. बिचारी आंधळी बाई. घरात पुरुष माणूस नाही का? नवरा काय झोपा काढतो? असल्या नवऱ्याला उलटा टांगला पाहिजे. बाकी काही नाही तर चार थेंब तेल घालायला काय जाते?

टेम्पोवाल्याने ऐकून घेतले. मग त्याने टेम्पो सुरू केला आणि निघून गेला.

चार थेंब तेल! मित्रांनो, या चार थेंबांसाठी मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. तुम्ही इतके होतात, ठिकठिकाणचे होतात, शिकलेसवरलेले होतात. पण ‘बाई, तुम्हाला हे तेल हवे आहे का?’ असे विचारणारा त्यात एकही निघाला नाही. तुमच्या कानाला त्रास झाला, म्हणून ती दुःखी असली पाहिजे, असे तुम्ही परस्पर ठरवून टाकलेत.

भाचेबुवांना वारा कुठून वाहतो ते बरोबर कळते. भर दुपारी टेम्पोवाला बाहेर असताना ते आले. ताई मागे नळावर होती. त्यांनी मला दोन्ही हातांनी अलगद धरले, चोच असलेला तेलाचा डबा काढला आणि मोबाइलकडे बघून कुजबुजले की आज मामीला सरप्राइज आहे. वरच्या बिजागरीत तेल सोडले, मधलीत सोडले, खालचीत सोडले. चार थेंब कसले, ओघळ माझ्या बाणापर्यंत आला. सांगायला लाज वाटते, पण मला बरे वाटले. इतक्या वर्षांचे ठणकणारे सांधे एकदम मोकळे झाले. तेल कोणाला नको असते? मी लोण्यासारखा उघडलो, लोण्यासारखा मिटलो, आणि माझ्या तोंडून अवाक्षर निघाले नाही.

ताई येऊन आपल्या जागी बसली आणि विणायला लागली. तेव्हा भाचेबुवा मला उघडून आत आले. मी ओरडायचा प्रयत्न केला. तिन्ही बिजागऱ्यांना हाक मारली. तिघी तेल पिऊन झिंगल्या होत्या.

तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून ते पाय न वाजवता तिच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले. ताईच्या हातात टोचा होता. भोकात अडलेली पट्टी ती त्याच्या टोकाने सोडवत होती. तोंडावर कोणाचा तरी श्वास आला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

“कोण?” ताईने विचारले.

तो शब्द माझा होता. तिला तो पुन्हा उच्चारावा लागू नये, एवढ्यासाठीच मी या चौकटीत उभा होतो.

 मोबाइलकडे बघून भाचेबुवांनी ओठांवर बोट ठेवले आणि डोळा मारला.

“कोण आहे?” ती उठली. गुडघ्यांवर टेकलेली खुर्ची कलंडली, ती सावरायला डावा हात पुढे गेला आणि उजव्या हातातला टोचा अंगठ्याच्या मुळाशी खोल रुतला.

“मामी,” भाचेबुवा आवाज बदलून म्हणाले, “ओळख पाहू.”

रक्त दिसल्यावर त्यांचे हसू मावळले, हे खरे. त्यांनी पट्टी आणली, बांधली, चुकलो म्हणाले. घरी जाऊन रक्ताचा तेवढा भाग कापला आणि उरलेला व्हिडिओ टाकला. भीतीने पांढरा पडलेला तिचा चेहरा तुम्ही पाहिलात, आणि त्याखाली लिहिलेत, किती भोळा आनंद आहे या माऊलीच्या चेहऱ्यावर. भाचेबुवांना सोन्याच्या मनाचा माणूस म्हणालात. वाचा पुन्हा एकदा, अजून तिथेच आहे.

टेम्पोवाला परतला. नेहमीप्रमाणे मला अर्धा ढकलून तो पायपुसण्यावर थांबला. मी गप्प. दाराशी बारीकशी हालचाल ऐकून ताई पाठीशी भिंत घेऊन उभी राहिली.

“कोण?” तिने विचारले.

आपल्या नवऱ्याला विचारले.  माझ्या अंगाला तेलाचा वास येत होता, त्याला आधी तो आला आणि मग तिच्या हाताची पट्टी दिसली.

“मी गं,” तो म्हणाला.

त्यानंतर फोनवर तो भाच्याला जे काही बोलला ते ऐकून लॉन्ड्रीवालीने आपले दुकान आतून लावून घेतले. ते इथे सांगण्यासारखे नाही, पण माझे मन थोडे निवले.

त्याने माझ्यावर एक घंटी टांगून पाहिली. पण घंटीला माणसामाणसांतला फरक कळत नाही. नवरा आला तरी किणकिण, उनाड आला तरी किणकिण. ताईने ती आपल्या हाताने उतरवली. आता ती पाठ भिंतीला लावून बसू लागली. भिंतीशी उजव्या हाताला जागा पुरत नाही, म्हणून वीण वाकडी यायची. माझ्याकडून खुट्ट झाले की कधी खरेच कोणी आलेले असे, कधी वारा असे, आणि ती दोघांनाही ‘कोण?’ म्हणून विचारी. वाऱ्याला ‘कोण?’ विचारणाऱ्या माणसाकडे बघणे फार वाईट असते, मित्रांनो. गिऱ्हाइकांतले एक दोघे तेवढ्यातही “ओळखा पाहू” म्हणालेच.

मग ताईने एके सकाळी नवऱ्याला रॉकेल मागितले. रॉकेलच्या बोळ्याने तिने माझ्या तिन्ही बिजागऱ्या बोटांनी चाचपत पुसल्या, घासल्या, तेलाचा टिपूस ठेवला नाही. मग वेत भिजवायच्या बादलीत मीठ विरघळवले आणि ते पाणी तांब्याने माझ्या सांध्यांवर ओतले.

टेम्पोवाला बघतच राहिला. “टेम्पोचा गंज खरवडून माझी नखं गेली,” तो म्हणाला, “आणि तू घरात गंज लावतेस.”

“तुझ्यासाठीच लावतेय,” ती म्हणाली. “तू आलास की कळायला.”

दुसऱ्या दिवशी तो जाड्या मिठाची पिशवी घेऊन आला.

जगात कुठल्याही दरवाजाचे एवढे लाड झाले नसतील. रोज सकाळी मला मिठाचे पाणी मिळे. माझे सांधे पुन्हा आखडू लागले, ठणकू लागले, लाल भुकटी खाली गळू लागली. दरम्यान तुम्हाला मोबाइलवर टोपी घालून चालणारे बदक सापडले होते, त्यामुळे गल्ली रिकामी झाली होती. त्या बदकाचे मी आजन्म ऋण मानतो. आधी माझा ‘क’ परत आला. पुष्कळ दिवसांनी ‘ओ’ आला, तोही घसा बसल्यासारखा. टेम्पोवाला संध्याकाळी मला पुन्हा पुन्हा उघडून ऐके आणि म्हणे, अजून ‘को’वरच अडलंय. खालची बिजागरी तेल सगळ्यात जास्त प्यायली होती. ‘ण’ काही केल्या येईना.

भाचेबुवांचेही बदकाने नुकसान केले होते. लोक त्यांना विसरले. तेव्हा त्यांना मामी आठवली. तेल घातल्यावर मामी किती सुखात आहे ते दाखवावे, असे त्यांच्या मनात आले. ते आले, दोन्ही हातांत मोबाइल धरून. खोलीत ताई एकटी होती. ती भिंतीशी बसून विणत होती.

त्यांनी मला कोपराने ढकलले.

तो ‘ण’ मी त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता, असे म्हटले तर तुम्ही हसाल. हसा. वरची किंचाळली, मधलीने ताणले, आणि इतके दिवस रुसलेली खालची एकदम नाकातून बोलली. “कोऽऽऽण?” असा काही आवाज निघाला की किल्लीवाल्याच्या हातातली कानस खाली पडली.

ताईची बोटे थांबली नाहीत. तिने मानही वर केली नाही. फक्त तिची पाठ भिंतीपासून सुटली.

“भाचेबुवा,” ती म्हणाली, “दार लावून घ्या.”

भाचेबुवा खूश झाले. एक पाय आत टाकून मला लावायला वळले.

“बाहेरून,” ताई म्हणाली.

 भाचेबुवांनी पाय मागे घेतला, मोबाइल खिशात घातला आणि व्हिडिओ न काढता पहिल्यांदाच मला हाताने लावले.

आता शेवटी उपदेश करायची रीत आहे. माझी निगा राखा वगैरे मी म्हणणार नाही. माझ्यापासून लांब राहा, तीच माझी निगा. कुठे काही कुरकुरताना दिसले आणि हात शिवशिवले, तर आधी आत बसलेल्या माणसाला विचारा. तेवढे जमत नसेल तर पुढे व्हा, तिकडे बदक आहे.

आणि हो. इतका वेळ तुम्ही उंबऱ्यातच उभे आहात, एक पाय आत टाकून. ताईने मान वर केलेली नाही, पण मी तिला सांगितले आहे. आता काय करायचे ते तुम्हाला माहीत आहे.